लाकडाची सवत

आमच्या काजू कारखान्याच्या ग्रेडिंग खात्यातल्या सगळ्यांत जुन्या बाईला दोन नवरे आहेत. एकाचं टायर दुरुस्तीचं दुकान आहे. तो मोठमोठ्याने हसतो आणि पगाराच्या दिवशी न चुकता गेटावर उभा असतो. दुसरा लाकडाचा, हातभर उंचीचा, आणि तो तिच्या निजायच्या खोलीतून कधी बाहेर येत नाही. आठवड्यातली एक रात्र त्याची. त्या रात्री टायरवाला बाहेरच्या खोलीत अंथरूण घालतो आणि मुकाट झोपतो.

मी मूळची सावंतवाडीची. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात सोलणीपासून सुरुवात केली, मग ग्रेडिंगला बसले, मग ग्रेडिंग शिकवायला लागले आणि शिकवता शिकवता आयव्हरी कोस्टमधल्या बुआके शहरात येऊन पोचले. कच्चा काजू पिकवण्यात हा देश आज जगात पहिला. आपल्या कोकणातल्या कित्येक कारखान्यांत फुटणारी बी आफ्रिकेतूनच जहाजाने येते, त्यात इथलीही. आता फोडणं-सोलणंही इथेच व्हावं असं इथल्या सरकारच्या मनात आहे, म्हणून कारखाने आले, आणि कारखान्यांच्या मागून माझ्यासारख्या बायका. डब्ल्यू २४० कुठला, डब्ल्यू ३२० कुठला, पाकळी कुठली, तुकडा कुठला, काजूगराच्या या सगळ्या प्रती नजरेने ओळखता याव्या लागतात. एकदा हाताला सवय झाली की तोंड मोकळं. टेबलाभोवतीच्या पोरी मला 'तांती' म्हणतात, म्हणजे मावशी. त्या जुन्या बाईला मात्र मीसुद्धा 'मामाँ'च म्हणते. माझं फ्रेंच कामापुरतं आहे, पण नवऱ्यांच्या गप्पांना तेवढं पुरतं.

हा बाउले लोकांचा मुलूख. अठराव्या शतकात आजच्या घानातल्या आशांती राज्यात गादीवरून भांडणं पेटली, तेव्हा आब्ला पोकू नावाची राणी आपली माणसं घेऊन पश्चिमेकडे निघाली. कोमोए नदी वाट देईना, म्हणून तिने पोटचा पोर नदीला दिला, अशी कथा आहे. साकासूला त्यांच्या राजघराण्याची गादी आहे. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष उफुए-ब्वान्यी बाउलेच होते. इतिहास इतकाच पुरे. मला सांगायचंय ते घराच्या आतलं.

बाउले समजुतीप्रमाणे माणूस इथे येतो तो ब्लोलोमधून. ब्लोलो म्हणजे पलीकडचं जग. पूर्वज तिथे, मेल्यावर परत जायचं तेही तिथेच. आणि येताना प्रत्येक जण तिकडचा संसार अर्धवट टाकून येतो. पुरुषाची तिथे बायको असते, ती ब्लोलो ब्ला. बाईचा तिथे नवरा असतो, तो ब्लोलो बिआँ. आपण इथे मोठे होतो, लग्न करतो, पोरंबाळं होतात आणि तिकडचं माणूस हे सगळं बघत असतं. पुष्कळदा ते गप्प बसतं. एखाद्याचं मात्र बिनसतं. मूल राहत नाही, नवरा-बायकोचं रोज वाजतं, शेतात घातलेलं हाती लागत नाही, आलेला पैसा टिकत नाही. मग कोमिएनकडे जायचं. कोमिएन म्हणजे अंगात येणारा, किंवा येणारी, बायकाही असतात. ते सांगतात की तिकडची रागावली आहे, तिला घरात जागा दे. कधी ती स्वतःच स्वप्नात येऊन सांगते.

जागा द्यायची म्हणजे मूर्ती करून घ्यायची. लाकडाचा माणूस, वाका स्राँ.

मामाँचे लग्नानंतर दोन गर्भ गळाले. कोमिएन बाईने सांगितलं, तुझा तिकडचा नवरा मानी आहे, त्याला दाढी पाहिजे, केस नीट विंचरलेले पाहिजेत, मानेवर गोंदल्यासारख्या उठावाच्या खुणा पाहिजेत. मूर्तीचे पैसे टायरवाल्याने दिले.

"त्याने?" मी विचारलं.

"मग कोण देणार? पोर त्यालाही हवं होतं ना!"

सगळं टेबल हसलं. पुढे तिला मुलं झाली. ती का झाली याचा निवाडा करायला मी बसलेली नाही.

टेबलावरच्या एका तरुण पोरीचं दुखणं उलटं आहे. तिच्या नवऱ्याकडे ब्लोलो ब्ला आहे. म्हणजे सरळ सरळ सवतच, आणि आठवड्यातली एक रात्र त्या खोलीत हिला मज्जाव. ती म्हणाली, "जित्या सवतीशी भांडता तरी येतं, तांती. हिच्याशी भांडायचं कसं? ती कधी चुकतच नाही." त्यावर मामाँने तिला झापलं, की घरातलीबद्दल असं चव्हाट्यावर बोलू नये.

हे ऐकल्यावर मी मनाशी बराच हिशेब मांडला. मला ही व्यवस्था भाबडी वाटत नाही. संसारात काही गोष्टी तोंडावर बोलता येत नाहीत. बाई नवऱ्याला म्हणू शकत नाही की मला एक रात्र माझी एकटीची दे. पुरुष बायकोला म्हणू शकत नाही की तुझ्यात माझं मन लागत नाही. पण कोमिएन म्हणतो, तिकडचा मागतोय. लेकी बोले सुने लागे, तसं हे बोलणं फिरून बरोबर जागी पोचतं आणि कुणाचीच मान खाली जात नाही. आमच्याकडे कोकणात घरात काही बिघडलं की दोष बहुतेक वेळा सुनेच्या पायगुणावर जातो. इथे तो पलीकडच्या जगावर जातो, आणि त्यावर खर्च करून, जागा देऊन, वार पाळून तोडगा काढता येतो. मला हे जास्त बरं वाटतं. पुरुषांना याचा फायदा घेता येत नसेल असं नाही. पण बायकांनाही घेता येतो, हे महत्त्वाचं.

मामाँला पालू झाला (मलेरियाला इथे सगळे पालूच म्हणतात) तेव्हा मी तिच्या घरी गेले होते. निजायच्या खोलीत खिडकीला पडदा, भिंतीला लागून पलंग, आणि पलंगाच्या उशाकडच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाखाली काहीतरी उभं. पुढे बशीत उकडलेल्या याम कंदाचा कुस्करलेला गोळा आणि अंडं. ते काय आहे हे मला कळलं आणि मी नजर वळवली. त्यात मी फार सभ्यपणा केला असं नाही, त्या घरात तशीच रीत आहे. तिची मुलं त्या खोलीत येतात-जातात, पण त्या कोपऱ्याकडे कुणी टक लावून बघत नाही. ती स्वतःसुद्धा मूर्ती बघत बसत नाही. ती कापड काढते, पुसते, तेलाचा हात लावते, बशी बदलते आणि पुन्हा झाकते. हातांनीच ओळख जास्त. जुन्या ब्लोलो मूर्तींना झळाळी असते ती अशा हाताळण्याने आलेली असते.

माझ्या डोक्यात ही गोष्ट बसायला वेळ लागला, कारण माझं बालपण नेमक्या उलट धंद्यात गेलं. माझे वडील सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं करायचे. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर रंगाचे हात, आणि सगळी करामत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी. आंबा असा रंगवायचा की दुकानासमोरच्या माणसाचे पाय थांबावेत. इथे तर मूर्तीवर जीव ओतायचा आणि ती कापडाखाली ठेवायची. मग इतकी नजाकत कुणासाठी?

त्याचं उत्तर मला एका सुताराकडे मिळालं. ईस्टरला बाउले लोक गावी परततात. त्या सणाला 'पाकिनू' म्हणतात, आणि आबिजानहून उत्तरेकडे येणाऱ्या गाड्यांची त्या दिवसांतली गर्दी बघितली की गणपतीतला मुंबई-गोवा रस्ता आठवतो. चाकरमान्यांसारखंच सगळं. पिशव्या, कोंबड्या, नवे कपडे, आणि वर्षभर साठवलेली भाऊबंदकीची भांडणं मिटवायला बसलेली म्हातारी मंडळी. मामाँने मला तिएबिसूच्या पुढच्या तिच्या माहेरगावी नेलं. तिथे तिच्या नात्यातला एक म्हातारा मूर्ती करतो. करतो म्हणजे शेती करतो, याम आणि थोडा काजू, आणि काम आलं की मूर्ती. बाउले मूर्तिकार बहुतेक असेच, शेतीतून वेळ काढून करणारे, आणि सगळे पुरुष.

त्याच्या हातात वाकस होता. आपल्या सुताराचा असतो त्याहून लहान, दांडा वाकडा, पातं गावातल्या लोहाराने केलेलं. ओलं लाकूड उभं धरून तो तासत होता, सांधा कुठेही नाही, एका ओंडक्यातून अख्खा माणूस. आधी ओंडक्याचे ठोकळ भाग पाडले, डोकं, धड, पाय. मग मान निघाली. मग दोन्ही हात पोटावर आले, गुडघे किंचित वाकले. वडील म्हणायचे की सुताराचा डावा हात बघ, उजवा कुणाचाही चालतो. या म्हाताऱ्याचा डावा हात दर दोन घावांना लाकूड एवढंसं फिरवत होता. मला तिथून उठावंसं वाटेना.

शेवटचं काम चाकूचं. केसांच्या वेण्या, कानशिलावरच्या आणि मानेवरच्या खुणा, बोटं. खुणा म्हणजे त्वचेवर कापून उठवलेली नक्षी. पूर्वी ती अंगावर असणं म्हणजे घरंदाज, वळण लागलेला माणूस. पोटऱ्यांवर तो सगळ्यात जास्त रेंगाळला. भरलेल्या, गोल पोटऱ्या हे इथलं सौंदर्याचं मोठं लक्षण, शिवाय त्या काम करणाऱ्या माणसाच्या असतात. पोटावरचे हात म्हणजे शांत, मर्यादेतला माणूस. लांब मान, स्वच्छ केस, तरुण अंग. म्हातारी, आजारी, रोडावलेली मूर्ती कुणी करून घेत नाही.

मी मामाँमार्फत विचारलं, "तिकडची बायको खरंच अशी दिसते का?"

म्हातारा म्हणाला, "मी तिला कुठे पाहिलंय? ही तिला आवडली म्हणजे झालं."

म्हणजे गिऱ्हाईक इथेही आहेच, आणि तेही चोखंदळ. फक्त ते पलीकडचं आहे. मूर्ती हे तिचं आसन. आवडलं तर ती येऊन बसेल, नाही आवडलं तर येणार नाही, आणि घरातली कटकट चालूच राहील. पैसे देणारा नवरा किंवा बायको मधले. माझ्या वडिलांना हे ऐकायला आवडलं असतं. ते भाव करणाऱ्या पर्यटकांना कंटाळलेले होते.

याच कामाची दुसरी जात आहे, ती आणखी गमतीची. रानात आसिए उसू राहतात, निसर्गातली भुतं म्हणा. ती कुरूप असतात, केसाळ, काहींचे पाय उलटे. त्यातलं एखादं माणसाला धरतं, आणि ते माणूस मग कोमिएन होतं. त्या भुतासाठीही मूर्ती लागते, पुष्कळदा जोडी, स्त्री आणि पुरुष. आणि ती मूर्ती भुतासारखी करत नाहीत. ती देखणी करतात, खुणांसकट, वेण्यांसकट, पोटऱ्यांसकट. कुरूप भुताला आपण देखणे आहोत असं वाटावं, म्हणजे ते माणसाळेल. तिच्यावर कोंबडीचं रक्त, अंडं वाहतात, त्याचा थर वर्षानुवर्षं चढत जातो. त्यामुळे जाणकार नजर पहिल्यांदा पृष्ठभाग बघते. तेल लावून गुळगुळीत, तर बहुधा ब्लोलोची, घरातली. थर चढलेली, तर कोमिएनची. आकार दोन्हींचा सारखाच असू शकतो.

आणि ब्लोलोतली माणसं जुनाटच असतात असंही नाही. हॅट घातलेले, सूट घातलेले, मनगटावर घड्याळ कोरलेले लाकडी नवरे गेल्या शतकात पुष्कळ झाले. बाहेरच्यांना वाटतं की ही गोऱ्या साहेबाची नक्कल किंवा पर्यटकांसाठीचा माल. तसा माल आहेच, आबिजानच्या बाजारात रंगवलेले साहेब रांगेने उभे असतात. पण तिकडचा नवरा बूट घालणारा, पगारदार असावा असं बाईला वाटलं तर त्यात नक्कल कसली? आमच्याकडच्या मुलीही डोंगर राखणारा नवरा मागत नाहीत.

मुखवट्यांविषयी थोडक्यात, कारण त्यातलं मी अर्धंच पाहू शकते. 'गोली' नावाचा मुखवट्यांचा नाच पाहिला. दिवसभर चालतो, बायका-पोरं सगळी बघतात. आधी ताटासारख्या गोल तोंडाचा क्प्ले क्प्ले येतो, नंतर शिंगांचा, लांब जबड्याचा गोली ग्लीन, आणि सगळ्यात शेवटी उंच केशरचनेचा, बाईच्या चेहऱ्याचा क्पान. हा खेळ बाउलेंनी शेजारच्या वान लोकांकडून १९०० नंतर उचलला, आणि आज तो त्यांचीच ओळख झालाय. पण 'बोनू आमुइन' नावाचे पुरुषांचे मुखवटे बायकांनी बघायचेच नाहीत. ते निघाले की बायकांनी घरात शिरून दारं लावायची. मी विचारलं, मी तर परदेशी. मामाँ म्हणाली, तू आधी बाई आहेस. विषय संपला.

त्या दिवशी तिने आणखी एक सांगितलं. बायकांचंही एक अनुष्ठान आहे, 'आज्यानू', आणि ते पुरुषांनी बघायचं नाही. संकट आलं की बायका ते करतात आणि ते पुरुषांच्या मुखवट्यांपेक्षा जबर मानतात. त्याला लाकूड लागत नाही, शिंगं लागत नाहीत. बायकांचं अंग तेवढं पुरतं.

हे सगळं बाहेरच्या जगाला नीट समजावून सांगितलं ते सुझन व्होगेल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी. त्या इथल्या कामी नावाच्या गावात राहून, पुन्हा पुन्हा येऊन शिकल्या आणि १९९७ साली त्यांनी अमेरिकेत बाउले कलेचं मोठं प्रदर्शन मांडलं. बाउले लोक आपल्या मूर्ती बघत नाहीत, त्यांच्यासोबत राहतात, हा मुद्दा त्यांनी फार नेटाने मांडला. त्याच कामी गावातल्या मोया यान्सो नावाच्या बाईचा चेहरा एका मुखवट्यात आहे. ओविए किमू या मूर्तिकाराने साधारण १९१३ च्या आसपास तो केला. ती देखणी होती आणि नाचायची उत्तम. असा मुखवटा म्हणजे त्या माणसाची जोड, आणि तो नाचायला उतरला की जिचा चेहरा आहे ती बाई त्याच्यासोबत नाचते. मोया यान्सो म्हातारपणापर्यंत नाचली. १९७१ मध्ये व्होगेलबाईंनी तिचा आणि मुखवट्याचा एकत्र फोटो काढला. मुखवटा आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीने त्याचा फोटो पाठवला, तो मी टेबलावर फिरवला. पोरींनी आधी केशरचनेवर चर्चा केली. मग मामाँने विचारलं, "आणि हिच्याबरोबर तिथे नाचतं कोण?"

तरी मुखवटा हा निदान लोकांनी बघायचाच होता. ब्लोलो मूर्ती मात्र पॅरिसपासून झुरिकपर्यंत काचेआड उभ्या आहेत, चहूबाजूंनी दिवे सोडलेले, कापड काढलेलं. कुणाच्या तरी उशाजवळच्या. मालक मेला की त्याची मूर्ती दुसऱ्या कुणाच्या कामाची राहत नाही, त्यामुळे घरच्यांनी विकली असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. फ्रेंचांनी हा मुलूख शस्त्राने दाबला त्या काळात गेलेल्यांचं काय, तो हिशेब वेगळा. आणि या वस्तू आपल्या देशातही सुरक्षित नाहीतच. २०१० च्या निवडणुकीनंतर २०११ मध्ये झालेल्या धुमश्चक्रीत आबिजानच्या संग्रहालयातून शंभरावर वस्तू लुटल्या गेल्या.

मामाँची मोठी मुलगी नव्या चर्चमध्ये जाते. तिथले पाद्री सांगतात की असली लाकडं जाळा. मुलगी त्यावरून आईला काही बोलत नाही, पण त्या खोलीत पायही ठेवत नाही. मी मामाँला विचारलं की तुझ्यानंतर काय. ती म्हणाली, "माझ्यानंतर मी त्याच्याकडेच जाणार. मग लाकडाचं कुणीही काहीही करा."

इकडे येणारे ओळखीचे लोक मला विचारतात की घरी न्यायला काय घ्यावं. मी मूर्ती सुचवत नाही. बोमिझाम्बो गावात विणकर आहेत, त्यांच्या मागाला वरून टांगलेली एक लाकडी कप्पी असते, तिच्या माथ्यावर इवलासा चेहरा नाहीतर पक्षी कोरलेला. त्यात देव नाही, नवरा नाही. दिवसभर एकाच जागी बसणाऱ्या विणकराच्या डोळ्यांपुढे काहीतरी चांगलं असावं, एवढ्यासाठी ती नक्षी. मी तिथे गेले तेव्हा एका विणकराची कप्पी अगदी साधी होती. आजोबांची कोरीव होती, ती वडिलांनी विकून टाकली, म्हणाला. नवी का करून घेत नाहीस, म्हटलं. त्याने मान वर करून कप्पीकडे पाहिलं आणि मोबाइल दाखवला. मागाच्या खांबाला त्याने तो दोरीने बांधला होता, आणि त्यावर फुटबॉलची मॅच चालू होती.